हे काय आहे? : जुन्या कालमापन साधनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुना वाडा उतरवताना, देवघर आवरताना किंवा भावंडांत भांडीकुंडी वाटली जात असताना एखादी वस्तू अशी निघते, की तिचे नाव घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. अंगभर आडव्या रेघा आणि आकडे कोरलेली आठ पैलूंची काठी. पाव वर्तुळाच्या आकाराचा, कोपऱ्यात छिद्र असलेला पितळी पत्रा. कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढतो आणि तो नातेवाइकांपासून शाळेतल्या सरांपर्यंत फिरू लागतो. सोबत एकच प्रश्न असतो : हे काय आहे?

ही प्रस्तावना त्या प्रश्नाचे स्वागत करण्यासाठी लिहिली आहे. जुन्या कालमापन साधनांच्या अभ्यासाला खगोलशास्त्राची पदवी लागत नाही आणि संस्कृतचे पांडित्यही लागत नाही. बारकाईने पाहण्याची सवय, शाळेतली त्रिकोणमिती आणि उत्तराची घाई न करण्याचा संयम, एवढ्या भांडवलावर यात पहिले पाऊल टाकता येते. नाशिकसारख्या शहरात राहणाऱ्याला तर अभ्यासाची सामग्री घरात, बाजारात आणि नदीकाठी मिळण्याजोगी आहे.

या विषयातली माझी भूमिका आधीच सांगतो. फोटो पाहून आपण नाव शोधू लागतो आणि नाव सापडले की थांबतो. नाव हा ओळखीचा शेवटचा भाग आहे. त्याआधी ते साधन कशाच्या गतीवर चालते, कोणत्या गावासाठी घडवले आहे आणि कोणत्या एककांत मोजते, ही तीन उत्तरे वस्तूच्या अंगावरून वाचावी लागतात. चौथी गोष्ट पाहणाऱ्याने स्वतः पुरवायची : आपला अंदाज कोणत्या मोजमापाने खोटा ठरेल ते सांगायचे. ते सांगता आले, तरच अंदाज अभ्यासाच्या पंक्तीला बसतो.

नाशिकच का

गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या प्रवेशद्वारावरची घंटा नाशिककरांच्या रोजच्या पाहण्यातली. मंदिर नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधले. घंटेवर साल आहे १७२१. ती पोर्तुगीज बनावटीची असून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आली, असे मानले जाते. म्हणजे शहराची खूण होऊन बसलेली वस्तूसुद्धा मुळात दूरून आलेली असू शकते. वस्तू जिथे सापडली तिथलीच ती असे धरून चालू नये, हा या अभ्यासाचा पहिला धडा नाशिकमध्ये भर चौकात टांगलेला आहे.

या गावात कुठून काय येईल याला मर्यादा नाही. सिंहस्थाला आणि तीर्थविधींना देशभरातून माणसे येतात. मुघल अमदानीत हे शहर गुलशनाबाद होते. पेशवाईत गंगापूरला गोपिकाबाई आणि आनंदवल्लीला राघोबादादा राहिले. पुढे रेल्वे आली, देवळालीला छावणी वसली आणि स्वातंत्र्यानंतर तिथे तोफखान्याचे शिक्षण सुरू झाले. यांतल्या प्रत्येकाबरोबर वेळ मोजण्याची, दिशा पाहण्याची, कोन घेण्याची आपापली साधने येऊ शकत होती. आणि शहराचा तांब्यापितळेचा बाजार असा, की जुनी भांडी इथे मोड म्हणून वजनावर घेतली जातात. मोडीत गेलेल्या धातूला इतिहास उरत नाही. त्याआधी कुणी काढलेले छायाचित्र हाच कधी कधी एकमेव पुरावा राहतो.

विद्येच्या बाजूनेही आपण कोरडे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्याला लागून चाळीसगाव तालुका आहे. तिथल्या पाटण येथील यादवकालीन शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. हा लेख १२०७ च्या सुमाराचा. तो अभ्यासकांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याच गोदावरीच्या काठी, खाली पार्थपूरला, ज्ञानराजांनी १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. त्यातही यंत्रांचे प्रकरण आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० चा ‘ग्रहलाघव’ रचला आणि ‘प्रतोदयंत्र’ या काठीच्या आकाराच्या छायायंत्रावरही लिहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध करून ही सारी परंपरा मराठी वाचकासमोर मांडली. आणि आपल्या काळात अलीगढ विद्यापीठात पूर्वी संस्कृत शिकवणाऱ्या श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेल्या भारतीय यंत्रांची एकेक करून वर्णनात्मक सूची केली. ग्रंथातले यंत्र आणि हातातले यंत्र यांची गाठ घालून देणारे हे काम या विषयाचा आजचा पाया आहे.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न : हे साधन कशाच्या गतीवर चालते? सूर्य, तारे, पाणी, वाळू की स्प्रिंग आणि चाके? फोटोत कोणतीही मोजपट्टी दिसली, की तिच्यावरच्या रेघांमधली अंतरे पाहावीत. समान अंतरे असतील तर ते पाणी, वाळू, चाके किंवा नुसता कोन मोजणारे साधन असण्याची शक्यता जास्त. अंतरे एका बाजूला दाटत जाणारी आणि दुसरीकडे विरळ होणारी असतील तर बहुधा सावलीचे यंत्र. सूर्य आकाशात एकसारखा सरकत असला तरी सपाट पृष्ठावर पडणारी त्याची सावली तशी सरकत नाही. घडवणाऱ्याने ते गणित सोडवले, त्याचा माग या असमान रेघांत उरतो.

दुसरा प्रश्न : कोणत्या गावासाठी? सावलीच्या यंत्राला गाव असावेच लागते. नाशिक जवळजवळ नेमके २० उत्तर अक्षांशावर आहे, ही इथल्या अभ्यासकाची मोठीच सोय. आडव्या तबकडीच्या सूर्यघड्याळात सावली पाडणारी तिरपी कड स्थळाच्या अक्षांशाइतक्या कोनात उभी असते. नाशिकसाठी तो कोन २० अंश, लंडनसाठी साडेएक्कावन्न. फोटोत कड उभी, चढी दिसली तर तबकडी उत्तरेकडच्या देशातून आलेली, हे ताबडतोब लक्षात येते. कड तुटून हरवली असली तरी आशा सोडू नये. बाराची रेघ आणि तीनची रेघ यांतला कोन मोजावा. नाशिकच्या तबकडीत तो सुमारे १९ अंश भरतो, लंडनच्या तबकडीत ३८. आणि सगळ्या रेघा सरसकट १५ अंशांवर असतील, तर ती तबकडी विषुववृत्ताला समांतर तिरपी ठेवायची असते. ती तशी तिरपी बसवण्याची सोयच नसेल तर वस्तू केवळ शोभेची असावी, असा संशय घ्यायला जागा आहे.

आपल्याकडची जुनी यंत्रे हीच गोष्ट पलभेने सांगतात. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते ती पलभा. व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग. नाशिकची पलभा सुमारे ४ अंगुळे २२ व्यंगुळे, पुण्याची सुमारे ४ अंगुळे १ व्यंगुळ, काशीची सुमारे ५ अंगुळे ४० व्यंगुळे. यंत्रावर असा आकडा कोरलेला असेल तर तो त्याचा पत्ताच समजावा. मात्र हा पत्ता अर्धा असतो. सावलीवरून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. जगन्नाथपुरीचा अक्षांशही वीस अंशांच्या अगदी जवळ आहे; नाशिकचे यंत्र तिथे जवळजवळ बरोबरच वेळ दाखवील. म्हणून ‘नाशिकसाठी घडवलेले’ असे लिहिण्याऐवजी ‘सुमारे २० अक्षांशासाठी घडवलेले’ असे लिहावे. जेवढे दिसते तेवढेच लिहिण्याचे हे वळण लवकर लागलेले बरे.

तिसरा प्रश्न : एकके कोणती? अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे. एक घटिका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे. दोन घटिकांचा मुहूर्त, साडेसात घटिकांचा प्रहर. दुसरीकडे २४ तासांची विभागणी. मोजपट्टीवर दिवसाचे ३० भाग किंवा मध्यान्हापर्यंत १५ भाग दिसले, तर घटिकांचा विचार आधी करावा. अंक देवनागरी आहेत, रोमन आहेत की अरबी अक्षरांनी लिहिलेले, तेही पाहावे. पण अंकांच्या लिपीवर सारी भिस्त ठेवू नये. यंत्रे हात बदलतात, नवा धनी आपले अंक कोरून घेतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खालचा आणि वरचा असे दोन्ही छाप वाचले म्हणूनच त्या साठ्याने इतिहास सांगितला. आज त्याच जिल्ह्यात, अंजनेरीला, नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्यांबाबत आपण जी शिस्त कमावली, ती यंत्रांबाबतही कमावता येईल.

भोक असलेली वाटी

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, छायाचित्रात तांब्याची अर्धगोल वाटी आहे. तळाच्या मधोमध बारीक भोक. फोटोखाली विचारले आहे, हे घटिकापात्र का?

घटिकापात्राचे काम सोपे आहे. घंगाळात पाणी भरून त्यात रिकामी वाटी तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत चढते, वाटी भरते आणि बुडते. बुडायला लागलेला काळ म्हणजे एक घटिका. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी गुरुजी हीच घटिका ठेवत. मोठ्या गावांत वाटी बुडाली की जाड काशाच्या तासावर, म्हणजे थाळीवर, टोला पडे. हिंदुस्थानातल्या शहरांत असे टोले देणारे घडियाली असतात, याचे वर्णन बाबराने आपल्या आठवणींत केले आहे. म्हणून अशी वाटी दिसली की जवळपास टांगण्याच्या भोकाचा जाड धातूचा गोल तुकडाही आहे का, हे विचारावे. जोडीतली एक वस्तू दुसरीची साक्ष देते.

पण त्र्यंबकेश्वराच्या छायेतल्या या मुलखात तळाला भोक असलेले तांब्याचे दुसरे भांडे घरोघर आहे, ते म्हणजे शिवलिंगावर संततधार धरणारे अभिषेकपात्र. दोन्ही तांब्याची, दोन्ही भोकाची, दोन्ही देवघरात सापडणारी. फोटोवरून त्यांना वेगळे कसे करायचे?

आधी काठ पाहावा. अभिषेकपात्र टांगायचे किंवा तिवईवर ठेवायचे असते, म्हणून त्याला कड्या, कान, साखळीची भोके किंवा बाहेर वळलेला रुंद काठ असतो. घटिकापात्राला यांतले काही लागत नाही. त्याचा काठ साधा आणि एका पातळीत असतो, कारण काठ एका बाजूला खाली असला तर पाणी वरून शिरेल आणि मोजमाप बिघडेल. मग तळ पाहावा. अभिषेकपात्र खाली निमुळते होत गेलेले असते, शेवटचा थेंबही लिंगावर पडावा म्हणून. घटिकापात्राला पाण्यावर न कलंडता तरंगायचे असते, त्यामुळे तळ रुंद आणि गोलसर. मग भोक. अभिषेकपात्राच्या भोकात दर्भ किंवा सुताची वात घालून धार बारीक करता येते, म्हणून ते मोठे असले तरी चालते. घटिकापात्राचे भोक सुईचे, स्वच्छ कडांचे. शेवटी डाग पाहावेत. दूध आणि पंचामृताचे थर आतल्या बाजूला, भोकाभोवती बसतात. पाण्यात पुन्हा पुन्हा बुडालेल्या वाटीवर क्षारांचा रंग आतबाहेर सारखा चढतो. आतून कल्हई असेल, तर मुळात ते स्वयंपाकघरातले भांडे असून भोक नंतर पडले का, हा तिसरा पर्याय उघडतो.

एवढे पाहून ‘घटिकापात्र असावे’ असा अंदाज बांधला, तर तो पाण्यात उतरवून तपासता येतो. इथे एक सावधगिरी हवी. भोक पडलेली कोणतीही वाटी कधी ना कधी बुडणारच. बुडणे हा पुरावा नाही. ती दर वेळी सारख्याच वेळात बुडते का, आणि ती वेळ ओळखीच्या एककाशी जुळते का, हे पाहायचे. २४ मिनिटे आली तर अंदाज बळावतो. १२ आली तर अर्धी घटिका असू शकेल. आणि २० आली तर? इथे भास्कराचार्य मदतीला येतात. जुन्या ग्रंथांत वाटी किती पळे वजनाची, किती अंगुळे उंच, भोक किती वजनाच्या सोन्याच्या तारेने पाडलेले, अशी मापे दिलेली आहेत. भास्कराचार्यांनी त्या मापांचा आग्रह सोडला. वाटी कशीही असो, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजावे आणि ६० घटिकांना त्या संख्येने भागून एका बुडण्याचे मान काढावे, अशी त्यांची पद्धत. घडवण्याच्या मापाऐवजी प्रत्यक्ष वर्तनाला प्रमाण मानणारी ही दृष्टी आजच्या प्रयोगशाळेतही तशीच चालेल.

त्यातून काळाचा परिणाम वेगळाच. पाणी शिरण्याचा वेग भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि २४ मिनिटांची वाटी २० मिनिटांच्या आत बुडू लागते. क्षार साचले तर उलट घडते. पाण्याच्या उष्णतेनेही थोडा फरक पडतो. म्हणून वस्तू सापडली की चिंच किंवा लिंबू-मीठ लावून ती चकचकीत करण्याचा मोह टाळावा. घासताना डाग जातात, भोकाची कड झिजते. म्हणजे साक्ष आणि मोजमाप दोन्ही एकदमच हातचे जातात. भोक बुजवलेला डाख दिसला तर तोही काढू नये. त्या वाटीचे काम केव्हातरी थांबवले गेले आणि तिला दुसरे काम मिळाले, हे तो डाख सांगतो.

काठी, पत्रा, तबकडी

इतर साधनांबद्दल थोडक्यात. आठ पैलूंच्या काठीवर प्रत्येक पैलूला वरच्या टोकाशी छिद्र असेल, खाली असमान अंतरावर रेघा असतील आणि प्रत्येक पैलूवरची अंतरे वेगळी असतील, तर ते प्रतोदयंत्र असण्याची शक्यता तपासावी. चाबकाच्या दांड्यासारखे दिसते म्हणून त्याला चाबूकयंत्रही म्हणतात. चालू महिन्याच्या पैलूवरच्या छिद्रात आडवी खुंटी बसवायची, काठी उभी धरून खुंटी सूर्याकडे करायची आणि सावलीचे टोक कोणत्या रेघेवर पडते ते वाचायचे. युरोपात पिरेनीज पर्वतातल्या मेंढपाळांकडे याच तत्त्वाची लहान दंडगोल घड्याळे असत. नाशिकसाठी अशी काठी घडवणाऱ्यापुढे एक खास अडचण उभी राहते. २० मे आणि २३ जुलैच्या सुमारास इथे भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी खुंटीची सावली काठीवर खाली उतरत उतरत तिच्या टोकापलीकडे जाते. म्हणजे उन्हाळ्याच्या पैलूवर मध्यान्हाच्या रेघेला जागाच नसते. उन्हाळ्याच्या पैलूवर मध्यान्हाची रेघ मावलेली दिसली, तर ती काठी आणखी उत्तरेकडची आहे का, हे पाहावे. पैलूंवर सारख्या अंतराच्या रेघा असतील तर मात्र ती मापाची काठी असू शकते.

पाव वर्तुळाचा पत्रा म्हणजे तुरीय यंत्र. कोपऱ्यातल्या छिद्रातून ओळंबा लोंबतो, एका कडेवरच्या दोन छिद्रांतून सूर्यकिरण जाऊ द्यायचे आणि ओळंब्याची दोरी कमानीवर कुठे येते ते पाहायचे. देवळालीच्या परिसरात मात्र तोफेचा कोन मोजणारे साधनही असेच दिसते. त्याची एक भुजा लांब असते, कारण ती तोफेच्या नळीत घालायची. तुरीयाच्या पोटात ‘ज्या’ (साइन) मोजण्यासाठी समांतर रेघांची जाळी आणि घटिकांचे अंक असतात. तोफखान्याच्या साधनाला त्यांची गरज नसते.

लांबट पत्र्यात चीर आणि वर चार भुजांचा फिरता दर्शक दिसला, तर पद्मनाभांचे ध्रुवभ्रमयंत्र आठवावे. ते पंधराव्या शतकातले, रात्री ध्रुवाजवळचे तारे चिरेतून पाहून वेळ सांगणारे. एकावर एक चढवलेल्या चकत्या आणि वर नक्षीदार जाळी असेल तर तो यंत्रराज. त्याच्यावर महेंद्र सूरींनी १३७० मध्ये संस्कृतात ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रत्येक चकतीवर अक्षांश कोरलेला असतो, म्हणून फोटो काढताना चकत्या सुट्या करून दोन्ही बाजू घ्याव्यात. होकायंत्रासोबत गावांची नावे असलेली डबी बहुधा किब्लानुमा असते. ती नमाजाची दिशा दाखवते, वेळ दाखवेलच असे नाही. अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळात रिकामे होणारे छोटे वाळूचे घड्याळ जहाजाचा वेग मोजण्यासाठी असू शकते. त्याचे प्रचलित माप २८ सेकंदांचे. जाड चामड्याच्या पिशवीतले, किल्लीच्या भोकाचे, आत कागदी चकती फिरणारे घड्याळ पहारेकऱ्याचे. ठरलेल्या प्रत्येक ठिकाणी टांगलेली किल्ली त्यात फिरवली, की चकतीवर खूण उमटते आणि तो तिथे केव्हा पोचला ते कळते.

तबकडी खरी आहे की शोभेची, हे ठरवताना आजच्या घड्याळाशी तुलना करून तिला नापास करू नये. नाशिकची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे. त्यात सूर्याच्या भासमान गतीतला वार्षिक चढउतार मिळवला, की नाशिकचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या घड्याळात १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास येतो. तबकडी अर्धा तास मागे दाखवत असेल तर ती बरोबर असण्याचीच शक्यता आहे. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी रेल्वे मद्रास वेळ पाळत होती, आणि ती नाशिकच्या स्थानिक वेळेच्या सुमारे २६ मिनिटे पुढे असे. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ‘अमुक वाजता’ असे वाचले, की कुणाचे वाजले हे विचारणेही याच अभ्यासाचा भाग आहे.

छायाचित्राची शिस्त आणि मर्यादा

छायाचित्र जितके प्रामाणिक, तितका अंदाज पक्का. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी. हाताशी नसेल तर चलनातले नाणे. तबकडी असेल तर कॅमेरा तिच्या बरोबर समोर, पृष्ठाला काटकोनात धरावा. तिरक्या फोटोवरून मोजलेला कोन फसवतो. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत कडा फुगतात, म्हणून थोडे मागे सरून झूम करावे. एक फोटो समोरून, एक मागून, एक काठावरून, एक तळाचा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पुसट कोरीव अक्षरे आणि तांबटाच्या मठारकामाचे ठोके उठून दिसतात. वजन लिहावे. वस्तू कुठे, कोणत्या वस्तूंबरोबर सापडली तेही लिहावे, कारण ती माहिती कोणताही कॅमेरा टिपत नाही.

आणि कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते दिसत नाहीच. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये गंजलेला काशाचा गोळा वर आला. तो यंत्रराजाचा प्रकार असावा की आणखी काही, यावर अनेक दशके मतभेद राहिले. १९७० च्या दशकात क्ष-किरणांनी आतली दातेरी चाके दिसली आणि डेरेक प्राइस यांनी त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा ते सूर्यचंद्राच्या गती दाखवणारे गणकयंत्र असल्याचे स्पष्ट झाले. आधीच्या अभ्यासकांनी केलेले तर्क वाया गेले नाहीत. पुढच्या तपासाला त्यांनीच वाट करून दिली.

अंदाज कसा लिहावा

म्हणून माझी विनंती अशी, की अंदाज चार वाक्यांत लिहावा. पहिल्यात जे दिसते ते, नाव न घेता. दुसऱ्यात आपला तर्क आणि त्याचे कारण. तिसऱ्यात त्याला सर्वांत जवळचा दुसरा पर्याय. चौथ्यात कोणते मोजमाप घेतले असता आपला तर्क पडेल, ते. वरच्या वाटीबद्दल असे लिहिता येईल : तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला मध्यभागी सुईएवढे भोक, काठ साधा, कड्या नाहीत, कल्हई नाही. टांगण्याची सोय नसल्याने आणि तळ रुंद असल्याने घटिकापात्र असावे. कड्या तुटलेले अभिषेकपात्र हा दुसरा पर्याय. काठाखाली कड्यांच्या रिव्हेटच्या खुणा निघाल्या, किंवा ती दर वेळी वेगवेगळ्या वेळात बुडाली, तर माझा तर्क मागे घ्यावा.

असे टिपण लिहिणाऱ्याला पुढचा माणूस उत्तर देऊ शकतो. नुसते नाव लिहिणाऱ्याशी फक्त वाद घालता येतो.

या कामात कुणाला बोलवावे? सगळ्यांना. वाटी कशी ठोकली आहे हे पंडितापेक्षा तांबटाला लवकर कळते. घटिका कशी ठेवत, पाणी कुठले घेत, हे वयोवृद्ध गुरुजींना विचारावे आणि लगेच टिपून घ्यावे. गणिताच्या शिक्षकाला तबकडीच्या रेघा वर्गात सोडवून घेता येतील. वीस अंशांची तबकडी पुठ्ठ्यावर काढणे हा नववी-दहावीच्या मुलांना झेपेल असा पाठ आहे. मोडी वाचणारे, फारसी वाचणारे, घड्याळे दुरुस्त करणारे, देवळालीत तोफखान्यात नोकरी केलेले, प्रत्येकाजवळ या कोड्याचा एखादा तुकडा आहे. मोड घेणाऱ्या दुकानदारांशीही ओळख ठेवावी. भट्टीत जाण्याआधी त्यांनी अर्धा तास वस्तू बाजूला ठेवली, तर तेवढ्यात फोटो, वजन आणि मापे होतात.

आपल्या भागातल्या अशा साधनांची एकत्र यादी हे या विषयाचे पहिले मोठे काम आहे. ती एका माणसाच्या हातून होणार नाही. अनेकांच्या चार-चार वाक्यांच्या टिपणांतून होईल. तुमच्या घरातल्या वस्तूचे टिपण त्या यादीत कुठेतरी बसणारे आहे. ती वस्तू घासू नका, विकू नका, घाईने तिला नावही देऊ नका. आधी मोजा, मग तर्क लिहा आणि तो खोडण्याची वाट खुली ठेवा. या अभ्यासात मनापासून स्वागत आहे.